आत्याची चप्पल आणि माझं पोट

"दिवसातून किती वेळा?" पुंडलिकबुवानं विचारलं.

"एक डाव. लय झालं तं दोन," गुंफाआत्या म्हणाली.

"पातळ का घट्ट?"

"घट्ट! एकदम घट्ट. विचारा तिलेच."

बुवानं माझ्याकडे बघितलं. मी मारोतीकडे बघितलं. मारोतीनं शेंदरात डोळे मिटून घेतले होते, बिचारा.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. बी.एड. झालेली, गावच्या हायस्कुलात नववीला विज्ञान शिकवणारी, 'गावंडे मॅडम' म्हणून पोरं जिला वचकून असायची ती. आणि देवळाच्या ओट्यावर बसून स्वतःच्या संडासाची जाहीर चौकशी ऐकत होते. पुंडलिकबुवा काही डॉक्टर नव्हता. आमच्या खिरगावच्या झिऱ्याच्या, म्हणजे झऱ्याकाठच्या मारोतीचा तो पुजारी. पण नवस फेडायच्या आधी काम खरंच झालं की नाही, याची तो जातीनं खात्री करून घ्यायचा. अर्धवट कामाचा नवस फेडला तर देवाचं नाव खराब होतं, असं त्याचं म्हणणं.

"काम तं पक्कं दिसते," बुवा शेवटी म्हणाला. "मार्गशीर्षातला तिसरा शनिवार धरा. पाच हप्ते आहेत. गवऱ्या जमवा."

आता हे काम काय होतं ते सांगते. त्याच्या दोन वर्षांआधी माझं वजन छत्तीस किलो होतं. जे खाल्लं ते खालून निघून जायचं. गावात तीन मतं होती. करणी, जंत आणि प्रेमभंग. प्रेमभंगावर जवळजवळ एकमत होतं, फक्त पोरगा कोण ते ठरत नव्हतं. माझी आई मी सात वर्षांची असतानाच गेली. मला वाढवलं ते गुंफाआत्यानं. ही बाबांची मोठी बहीण. सासरी नांदायला गेली आणि आठ महिन्यांत परत आली. कारण विचारलं तर म्हणायची, "त्यायच्या वरणाले चवच नाई." याच्यापुढे तिनं कधी काही सांगितलं नाही आणि तिला विचारायची कोणाची छातीही झाली नाही.

तर मी अशी वाळून काटकी झाले तेव्हा आत्या तडक मारोतीकडे गेली आणि नवस बोलली. पोरीचं पोट बरं होऊ दे, एकशे एक रोडगे करीन. पहिला तुला आणि दुसरा पोरीच्या तोंडात. आणि तोवर पायात चप्पल घालणार नाही.

रोडगा म्हणजे जाड दळलेल्या कणकेचा, पदर घालून वळलेला गोळा. तो गवऱ्यांच्या निखाऱ्यात राखेखाली भाजायचा, राख झटकायची, फोडायचा आणि वांग्याच्या भाजीसोबत, वरणासोबत तूप ओतून खायचा. वऱ्हाडात देव प्रसन्न होतो तो रोडग्यानंच. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

त्यानंतर महिन्याभरानं बाबा मला नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तपासण्या झाल्या, तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला आणि डॉक्टरनं सांगितलं, सिलिॲक. गव्हात जे चिकट प्रथिन असतं त्याच्याशी तुझ्या आतड्याचं हाडवैर आहे. गहू सोड, बरी होशील. जन्मभर सोड. चिमूटभरसुद्धा नाही.

मी गहू सोडला आणि बरी झाले. सात किलो वजन वाढलं, तोंडावर तजेला आला, गावानं प्रेमभंगाची फाईल बंद केली. राहिला नवस. म्हणजे पोट बरं झालं गहू सोडल्यानं, आणि ते बरं झाल्याचा आनंद साजरा करायचा गहू खाऊन! असला घोळ फक्त आमच्याच घरात होऊ शकतो.

"तं मंग पोरीच्या तोंडात काय घालू?" आत्यानं बुवाला तेच विचारलं.

"ज्वारीचा रोडगा कर तिच्यासाठी. देवाले देवाचं, पोरीले पोरीचं."

"ज्वारीचा फुटते, बुवा. तिले चिकटपणा नाई. देवाच्या दारी फुटका रोडगा?"

"फुटू दे. त्यानं अख्खी लंका जायली. तो काय एका रोडग्यासाठी रागावते?"

आत्याचं काही समाधान झालेलं दिसलं नाही. पण ती उठली, ओट्याखाली उतरली आणि अनवाणी चालायला लागली. मी तिच्या मागं चालत होते, तेव्हा तिच्या टाचा दिसत होत्या. दोन उन्हाळे त्या पायांनी डांबरी सडक तुडवली होती. एप्रिलात सकाळची शाळा सुटायच्या वेळी माझा भाकरीचा डबा घेऊन यायची ती एका झाडाच्या सावलीतून दुसऱ्या झाडाच्या सावलीत पळत. टाचांच्या भेगांत ज्वारीचा दाणा सहज बसला असता. कोणी काही म्हटलं की म्हणायची, "मले काई होत नाई, मी म्हशीच्या चामड्याची हावो."

दोन दिवसांनी, सोमवारी बाबा अमरावतीहून येताना तिच्यासाठी चप्पल घेऊन आले. बाबा एसटीत कंडक्टर. आयुष्यभर लोकांना 'पुढं सरका' म्हणण्यात गेल्यानं घरात फारसं बोलायचे नाहीत. खोकं आत्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "शनिवारसाठी. कोणता शनिवार ते तुले माहीत."

मरून पट्ट्याची, जाड रबरी तळव्याची चप्पल होती ती. आत्यानं ती हातात घेतली, उलटी करून बघितली, वास घेतला, पदरानं पुसली आणि कपाटावर ठेवून दिली. पायात घालून बघितली नाही. नवस तो नवस.

आणि त्याच सोमवारी संध्याकाळी मला रक्त पडलं.

आधी वाटलं, बीट खाल्लं असेल. मग आठवलं, आमच्या घरात बीट कोणी खात नाही. मंगळवारी पुन्हा पडलं. बुधवारी चार वेळा जावं लागलं आणि पोटात अशी कळ आली की मी संडासाची कडी धरून उभी राहिले. गहू कुठून शिरला असेल म्हणून मी घर पालथं घातलं. पण गहू शिरणार कुठून? बाबांनी माझ्यासाठी वेगळी घरघंटी आणली होती, ज्वारीशिवाय तिच्यात दुसरा दाणा पडत नव्हता. आत्याचा दरारा असा की पाहुणासुद्धा बिस्किटाचा पुडा अंगणात ठेवून घरात यायचा.

सांगायला पाहिजे होतं. मी विज्ञानाची शिक्षिका, मला काय समजत नव्हतं? पण रोज रात्री जेवणं झाली की आत्या कपाटावरून ते खोकं काढायची, चप्पल पुसायची आणि परत ठेवायची. मी तोंड उघडलं असतं तर शनिवार गेला असता, चप्पल कपाटावरच राहिली असती आणि म्हातारी तिसरा उन्हाळा, चौथा उन्हाळा तशीच सडकेवर पळत राहिली असती. मी म्हटलं, पाच आठवडे तर आहेत. एकदा का चप्पल पायात गेली की मग बघू.

रोज सकाळी चुलीपासून आवाज यायचा, "किती वं?"

"एक!" मी ओरडायची.

"घट्ट?"

"घट्ट!"

खोटं बोलायला मोठी अक्कल लागत नाही, सवय लागते. तिसऱ्या आठवड्यात मी सहा वेळा जात होते आणि 'एक' सांगत होते. नववीला तेव्हा नेमका पचनसंस्थेचा धडा चालू होता. 'लहान आतड्याची लांबी साडेसहा मीटर' एवढं फळ्यावर लिहायची आणि खडू टाकून पळायची. पोरं शहाणी होती. एक दिवस परत आले तर फळ्यावर कोणीतरी पुढचं वाक्य लिहून ठेवलेलं, 'मॅडमचं मात्र कमी भरते.' मी कोणाला मारलं नाही. मारायला अंगात जोर पाहिजे ना!

तो शनिवार उजाडला. झिऱ्याकाठी गवऱ्यांचा ढीग पेटला, पुरुष माणसं रोडगे भाजायला बसली. ते काम आमच्याकडे पुरुषांचं. बायका वांगी चिरत होत्या आणि भाजणाऱ्यांना नावं ठेवत होत्या. माझा ज्वारीचा रोडगा आत्यानं घरूनच स्वतःच्या हातानं वळून आणला होता, वेगळ्या फडक्यात. भाजायला मात्र त्याच राखेत गेला. बाबा म्हणाले, "वेगळा जाळ कर." आत्या म्हणाली, "कोपऱ्यात ठेवला न मी." आणि तो कोपऱ्यात ठेवूनसुद्धा फुटलाच.

मारोतीपुढं पहिला रोडगा ठेवला. मग आत्यानं माझा फुटका रोडगा आणखी फोडला, तूप लावलं आणि घास माझ्या तोंडात घातला. तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले. फरक एवढाच, की माझ्या पोटात त्या वेळी कोणीतरी ओले कपडे पिळत होतं.

"घाल आता!" बुवा ओरडला.

बाबांनी खोकं उघडलं. आत्यानं उजवा पाय उचलला, चपलेत घातला. जाईना! दोन वर्षांत पाय पसरले होते. बाबा खाली बसले आणि भर गावासमोर बहिणीचा पाय धरून चपलेत कोंबायला लागले. कोणीतरी म्हणालं, "तेल लावा." शेवटी पट्टा ताणून पाय गेला. आत्या उभी राहिली, चार पावलं चालली. नव्यानं चालायला शिकलेल्या वासरासारखी पावलं टाकत होती. लोक हसले, आत्याही हसली, आणि मी झाडामागं पळाले.

मंगळवारी तापानं फणफणून मी शाळेतच पडले. अमरावतीच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर होता. दोन रात्री झोपला नसावा. माझी जुनी फाईल बघितली आणि त्याचा पारा चढला.

"सिलिॲक आहे आणि रोडगे खायला गेल्या? शिकलेल्या ना तुम्ही?"

"ज्वारीचा होता."

"त्याच राखेत भाजला ना?"

मी मान डोलावली.

"रक्त कधीपासून पडतंय?"

पलंगाच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आत्या. आत्याच्या पायाकडं माझी नजर गेली नाही, पण चपला नवीन असल्या की जो कचकच आवाज होतो तो मला ऐकू आला.

"परवापासून," मी म्हणाले.

"म्हणजे जेवणानंतरच. उघड्यावरचं जेवण, जंतू गेले असतील. वरून गहू. पाच दिवस गोळ्या देतो. उद्या घरी जा, आणि हे नवसबिवस बंद करा."

बाबांनी सगळा राग राखेवर काढला. राख, राख, मी म्हटलं होतं वेगळा जाळ कर, असं दिवसभर चालू होतं. आश्चर्य म्हणजे आत्या एका शब्दानं उलटून बोलली नाही. ज्या बाईनं वरणाच्या चवीवरून सासर सोडलं ती बाई भावाचं सगळं खाली मान घालून ऐकत होती. मला वाटलं, हिलाही ताप आला की काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बाबा चहा आणायला गेले. संध्याकाळी आम्हाला सुट्टी मिळणार होती. आत्या स्टुलावर पाय आत घेऊन बसली होती. मी सहज खाली बघितलं.

"आत्या, चप्पल कुठं आहे तुही?"

"पिशवीत."

"काहून?"

तिनं पाय आणखी आत ओढले. मग एकदम पदर तोंडाला लावला आणि रडायलाच लागली. मी तिला आई गेली तेव्हा रडताना बघितलं होतं, त्यानंतर हे दुसऱ्यांदा.

"मी मारलं वं तुले," ती म्हणाली. "म्या चिमूट टाकली."

"कसली चिमूट?"

"कणकीची. तुह्या रोडग्यात. ज्वारी फुटते म्हणून. अन् मारोतीले वाटू नोये का यायनं मले फसवलं, म्हणून. चिमूटभर, प्रणिता. नखाएवढी. मले वाटलं, देवाच्या नावानं खाल्ली तं देव पचवीन."

दोन वर्षं जिनं घरात बिस्किटाचा पुडा येऊ दिला नाही, तिनंच!

"आता मी चप्पल नाई घालत," ती नाक पुसत म्हणाली. "मरेपर्यंत नाई. गव्हालेही हात नाई लावत. देवाले काई म्हणत नाई मी. माहीच अक्कल शेण खायले गेली होती."

खरं सांगते, त्या क्षणी मला गप्प बसणं फार सोपं होतं. गोळ्यांची चिठ्ठी तयार होती, सुट्टीचा कागद तयार होता, आणि गुन्हेगार स्वतः येऊन कबुली देत होती. शहाणी गावंडे मॅडम सुटली असती. पण मला माहीत होतं की पाच दिवसांच्या गोळ्यांनी हे जाणार नाही. आणि त्या स्टुलाखाली ते भेगाळलेले पाय एकमेकांवर चढवून लपवले होते. मला स्वतःची लाज वाटली. रक्ताचीही तेवढी वाटली नव्हती.

"आत्या, रोडग्यानं नाई झालं."

"मले समजावू नोको."

"समजावत नाई. मले पाच हप्त्यांपासून रक्त पडते. बाबांनी तुही चप्पल आणली, त्या सोमवारपासून."

तिचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"पाच हप्ते?"

"हाव."

"अन् मी रोज सकाळी विचारत होती तं?"

"खोटं सांगत होते."

"काहून?"

"तू चप्पल घालावी म्हणून."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग सावकाश खाली वाकली. पिशवी उघडली. मला वाटलं, रुमाल काढते आहे. तिनं चप्पल काढली. आणि काय होतंय ते मला कळायच्या आत पहिली माझ्या खांद्यावर बसली.

"माह्या चपलेसाठी?" धाडकन दुसरी पाठीवर. "माह्या चपलेसाठी रगत लपवलं तू? अन् मेली असती तं? मेली असती तं चप्पल घालून मी कोठी जात होती वं, तुह्या मयतीले?"

सलाईनची नळी हलायला लागली. सिस्टर धावत आली. शेजारच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, "हाण बाई, अजून एक हाण. आमची पोट्टीही असंच लपवते." आत्यानं तिचं ऐकलं आणि आणखी एक हाणली. मी हसत होते की रडत होते मला आजही सांगता येणार नाही. मार मात्र चांगला लागत होता. चपलेचा तळवा जाड होता, बाबांनी टिकाऊ बघून घेतली होती.

"अहो, काय चाललंय हे? पेशंटला मारताय?"

दारात डॉक्टर चांदूरकर मॅडम उभ्या होत्या. पोटाच्या विकारांच्या मोठ्या डॉक्टर, संध्याकाळच्या फेरीला आल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला.

"मारून रायली," आत्या धापा टाकत म्हणाली. "हिले विचारा, रगत कधीपासून पडते. मलेही आत्ताच समजलं."

मॅडमनी चष्मा खाली ओढला. "कधीपासून?"

"पाच आठवडे झाले," मी म्हणाले. "आता दिवसातून आठ-नऊ वेळा. रात्री पण उठावं लागतं. पथ्य पक्कं आहे. गहू फक्त शनिवारी, तोही नखाएवढा."

"मग कागदावर 'परवापासून' कोणी लिहिलं?"

"मीच तसं सांगितलं होतं."

त्यांनी सुट्टीचा कागद घेतला, दोनदा घडी घातली आणि कोटाच्या खिशात टाकला. "ही कुठं जात नाही. उद्या सकाळी खालून दुर्बीण." मग आत्याकडं वळल्या. "आणि तुम्ही ती चप्पल पायात घाला. इथं अनवाणी फिरायचं नसतं."

आत्यानं मुकाट्यानं चप्पल पायात घातली.

दुर्बिणीच्या तपासणीबद्दल मी काही सांगणार नाही. आदल्या रात्री जे औषध पाजतात त्याच्यापुढं आधीचे पाच आठवडे म्हणजे सहल होती एवढंच म्हणते. नंतर मॅडम कागद घेऊन आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. बाबा उभेच होते.

"मोठ्या आतड्याला सूज आहे, जखमा आहेत," त्या म्हणाल्या. "अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. हा वेगळा आजार आहे. सिलिॲक लहान आतड्यात असतो, हा मोठ्या."

"म्हणजे दोन?" बाबांनी विचारलं. एका सीटवर दोन तिकिटं निघाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"दोन. सिलिॲक असणाऱ्यांमध्ये आतड्याची ही सूज बाकीच्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त दिसते. सगळ्यांना होते असं नाही. एकानं दुसऱ्याला आणलं असंही मी म्हणणार नाही. पण दोन्हींचा स्वभाव एक. शरीरातले राखणदार चोर सोडून घरच्यांनाच झोडपायला लागतात. म्हणून पथ्य पाळूनही पोट बिघडलं तर नुसतं गव्हाला धरून बसायचं नसतं. दुसरं काही आहे का ते शोधायचं असतं."

"म्हंजे चुलत भाऊ हायेत," आत्या म्हणाली.

"तसंच समजा."

"एक मुक्कामाले आला का दुसऱ्यालेही पत्ता समजतेच मंग." मग खालच्या आवाजात तिनं विचारलं, "मॅडम, अन् माही चिमूट?"

मॅडमनी उगाच गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "चिमूट चुकलीच तुमची. पुन्हा टाकायची नाही. पण ह्या जखमा चिमटीच्या नाहीत, जुन्या आहेत. उलट काल तुम्ही चप्पल काढली नसती तर ही जंतूंच्या गोळ्या घेऊन घरी गेली असती. महिनाभरानं आम्ही रक्त चढवत बसलो असतो. कदाचित आतडं काढायची पाळी आली असती."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत आणखी दोन चपला बाकी होत्या.

नऊ दिवसांनी घरी निघालो तेव्हा गोळ्यांनी माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, पण रक्त थांबलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बाबा अडखळत आत्याला म्हणाले, "बाई, आता नवीन रोग निघाला. तू परत अनवाणी सुरू करतं का काय?"

"काहून?" आत्या कडाडली. "मारोतीसंग बोलणं एका रोगाचं झालं होतं. तो त्यानं बरा केला, त्याचं त्याले देल्लं. हा दुसरा चांदूरकर मॅडमचा हाय. त्यायले रोडगे पायजे असतीन तं विचारून ये." मग माझं मनगट धरलं. "अन् तू. उद्यापासून खरं सांगजो. चप्पल पायात हाय माह्या, काढाले टाइम नाई लागत."

त्या दिवसापासून रोज सकाळी मी खरं सांगायला लागले. एक असलं तर एक, पाच असलं तर पाच. आधी लाज वाटायची, मग त्याचीही सवय झाली. मला बघायला पाहुणे आले तेव्हा चहाच्या आधी आत्यानं त्यांना सांगून टाकलं, "आमच्या पोरीले दोन रोग हायेत. दोन्ही पोटातच हायेत, बाहेर काई नाई. गोळ्या घेते, गहू खात नाई. जमते तं बसा, नाई तं चहा घेऊन जा." तीन पाहुणे चहा घेऊन गेले. चौथा उमेश. तो बसला. दर्यापूरला पोस्टात होता. म्हणाला, "मले तसंही भाकरच आवडते."

लग्न दर्यापूरलाच होतं. तीनशे माणसं मांडवात. अंतरपाट धरलेला, पलीकडं उमेश, अलीकडं मी हातात हार घेऊन. भटजींनी दोन मंगलाष्टकं म्हटली आणि मागून आत्याचा आवाज कानात आला. ती सकाळपासून कामात होती, तिचं विचारायचं राहून गेलं होतं.

"किती वं?"

आता बघा, तीनशे माणसं, मुहूर्त, उमेशची आई पुढच्याच खुर्चीत. 'एक' म्हणायला एक क्षण लागला असता. लग्नाच्या घाईत माझ्या गोळ्या तीन दिवस चुकल्या होत्या.

"चार," मी म्हणाले. "अन् आज थोडं रक्त पण आहे."

"थांबा हो, भटजी!"

भटजी थांबले. वाजंत्री थांबली. तीनशे लोकांच्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या. आत्या पेटीतून गोळ्या काढायला पळाली आणि मांडवात एकच कुजबुज सुरू झाली. उमेशच्या मामानं घड्याळ दाखवलं. "अहो बाई, मुहूर्त चालला!"

"जाऊ द्या तो मुहूर्त," आत्या पेटीत डोकं घालूनच ओरडली. "मुहूर्ताले काय जुलाब लागले?"

अंतरपाट धरणाऱ्यांपैकी एकाला हसू आवरेना. अंतरपाट खाली गेला. मुहूर्ताच्या आधीच उमेश मला दिसला. हार एका हातात आणि दुसऱ्या हातात, कुठून मिळवला देव जाणे, पाण्यानं भरलेला तांब्या.

मी गोळी गिळली. आत्यानं माझ्या तोंडात बघून खात्री केली, तांब्या घेतला, घाईत निसटलेली मरून चप्पल परत पायात सरकवली आणि भटजींकडं बघून म्हणाली, "हं, चालू द्या आता."